बाळ रडलं, वजन झालं… पण डोक्यापासून पायापर्यंत तपासलं कोणी? नर्सिंगच्या विद्यार्थिनी ही तपासणी कशी शिकतात?

बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? नॉर्मल की सिझर? वजन किती? ही तीन उत्तरं मिळाली की फोन सुरू होतात आणि पेढ्यांची चौकशी होते.

चौथा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. बाळाला डोक्यापासून पायापर्यंत कोणी तपासलं का? टाळूला छिद्र नाही ना, खुबा जागेवर आहे ना, शीची जागा उघडी आहे ना, श्वास मिनिटाला किती चालतोय?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरचं उदाहरण घ्या. वाळूज औद्योगिक वसाहतीतली ही कामगारांची वस्ती. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्याच्या मागोमाग इतर कंपन्या आल्या आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून तरुण इथे कामाला येत गेले. भाड्याच्या खोलीत नवरा, बायको आणि एक लहान मूल असं कुटुंब असतं. सासू गावी, आई दुसऱ्या गावी. बाळंतपण कधी माहेरी होतं, कधी जवळच्या खासगी दवाखान्यात, तर कधी शहरातल्या घाटी रुग्णालयात. घरी आल्यावर बाळाकडे अनुभवी नजरेनं बघायला शेजारच्या काकूंशिवाय कोणी असेलच असं नाही.

अशा घरासाठी दवाखान्यातून निघण्याआधी झालेली तपासणी खूप महत्त्वाची ठरते. ती तपासणी करणारा हात बऱ्याचदा नर्सचा असतो. तो हात तयार कसा होतो, तेच या लेखात समजून घेऊ.

पहिला आठवडाच इतका नाजूक का?

आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं मानतात. श्रद्धा बाजूला ठेवली, तरी पहिले काही दिवस पार पडले की घर सुटकेचा श्वास सोडतं, हा अनुभव त्यामागे असावा.

आकडेही तेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली. अशा मृत्यूंपैकी जवळपास तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात.

महाराष्ट्राची स्थिती देशाच्या तुलनेत बरी आहे. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या अहवालानुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. महाराष्ट्रात हा आकडा ११ होता. याच वर्षी राज्याचा बालमृत्यू दर, म्हणजे पहिल्या वर्षभरातल्या मृत्यूंचा दर, हजारी १६ होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वर्षभरात जी बाळं जातात, त्यातली दोन-तृतीयांश पहिल्या महिन्यातच जातात.

कारणं मोजकी आहेत. वेळेआधी जन्म आणि कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणं, जंतुसंसर्ग आणि जन्मजात दोष. यातल्या अनेक गोष्टींची खूण लवकर दिसते. अट एकच, कोणीतरी नीट बघायला हवं.

मिडवाईफ म्हणजे नक्की कोण?

'मिडवाईफ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावची सुईण येते. आजची प्रशिक्षित मिडवाईफ वेगळी. भारतात बाळंतपणाचं शिक्षण नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच दिलं जातं.

एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसविका. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रात भेटणाऱ्या आरोग्य सेविका, म्हणजे गावच्या 'सिस्टर', बहुतेक हाच कोर्स केलेल्या असतात. जीएनएम हा तीन वर्षांचा, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं आणि कोर्स पूर्ण केलेल्यांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते.

याशिवाय केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाईफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाईफरी' हे नवं पद आलं. आधीच पात्र असलेल्या नर्सनं १८ महिन्यांचं जादा प्रशिक्षण घ्यायचं आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणं स्वतंत्रपणे सांभाळायची, अशी ही कल्पना. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाईफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा हा कायदा आहे, आणि त्याच्या नावातच मिडवाईफरीचा वेगळा उल्लेख आहे.

कोर्स कोणताही असो, एक गोष्ट सगळ्यांना शिकावी लागते. नुकतंच जन्मलेलं बाळ हातात घ्यायचं आणि ते ठीक आहे की नाही, हे सांगायचं.

तपासणी एकदा होत नाही, तीनदा होते

विद्यार्थिनींना आधी हे समजावलं जातं की नवजात बाळाची तपासणी टप्प्याटप्प्यानं होते आणि प्रत्येक टप्प्याचा प्रश्न वेगळा असतो.

पहिला टप्पा जन्माच्या क्षणी. प्रश्न एकच, बाळ श्वास घेतंय का? रडलं, श्वास घेतला, तर कोरडं करून आईच्या छातीवर ठेवायचं. नाही घेतला, तर पहिल्या मिनिटाच्या आत मदत सुरू व्हायला हवी. म्हणूनच या मिनिटाला 'गोल्डन मिनिट' म्हणतात. आपल्याकडे यासाठी २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली डॉक्टर आणि नर्सना प्रशिक्षण दिलं जातं.

याच टप्प्यात ॲपगार स्कोअर येतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली तो मांडला. रंग, हृदयाचे ठोके, उत्तेजनेला प्रतिसाद, स्नायूंची ताकद आणि श्वास, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला एकूण १० पैकी गुण मोजायचे. विद्यार्थिनींचा इथे एक गोंधळ होतो. त्यांना वाटतं, स्कोअर कमी आला की मग मदत सुरू करायची. तसं नाही. स्कोअर ही नोंद आहे. मदतीसाठी पहिलं मिनिट संपायची वाट बघायची नसते.

दुसरा टप्पा म्हणजे संपूर्ण तपासणी, डोक्यापासून पायापर्यंत. बाळ स्थिरावलं, अंगावर दूध पिऊ लागलं की पहिल्या २४ तासांत ती व्हायला हवी.

तिसरा टप्पा घरी सोडताना. दूध नीट पितंय का, शी-शू झाली का, कावीळ दिसते का, वजन किती उतरलं, हे बघण्यासाठी.

बाहुलीपासून बाळापर्यंत

शिक्षणाची सुरुवात खऱ्या बाळापासून होत नाही. आधी स्किल लॅबमध्ये बाळाच्या आकाराची डमी असते. मान कशी धरायची, उपडं करताना छातीखाली हात कसा द्यायचा, टाळू बघताना तोंडात बोट कसं घालायचं, हे तिच्यावर शिकतात. मग वॉर्डात शिक्षिका स्वतः एक बाळ तपासून दाखवतात. नंतर विद्यार्थिनी शिक्षिकेसमोर तपासते. हात बसला की ती एकटी तपासते आणि वरिष्ठ सिस्टर किंवा बालरोगतज्ज्ञ तेच बाळ पुन्हा बघतात. दोघींच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर खरं शिकणं तिथे होतं.

तपासायला सुरुवात करण्याआधी चार गोष्टी पक्क्या करायच्या असतात. साबणानं हात धुतले का? हात गार तर नाहीत ना? खोली उबदार आहे का, पंखा बंद आहे का? आणि आईला सांगितलं का?

शेवटचा मुद्दा फक्त सौजन्याचा नाही. आईला विचारलं की माहिती मिळते. पाणी कधी फुटलं होतं, ताप आला होता का, शुगर होती का, घरात कोणाला जन्मजात हृदयरोग होता का, बाळ पोटात पायाळू होतं का. पायाळू बाळात खुबा सरकलेला असण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे बाळाला हात लावण्याआधीच तपासणीची दिशा कळते. तपासणी शक्यतो आईच्या शेजारीच करायला शिकवतात, म्हणजे काय बघितलं ते तिलाही दिसतं.

क्रम का महत्त्वाचा?

'डोक्यापासून पायापर्यंत' म्हटलं, तरी अनुभवी सिस्टर डोक्यापासून सुरुवात करत नाही. ती आधी नुसती उभी राहून बघते.

कारण सोपं आहे. बाळ शांत असेपर्यंतच श्वास मोजता येतो आणि हृदयाचे ठोके नीट ऐकू येतात. एकदा रडायला लागलं की दोन्ही गेलं. म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं, मग कानांनी ऐकायचं, मग हातांनी चाचपायचं. बाळाला न आवडणारी खुब्याची तपासणी सगळ्यात शेवटी.

श्वास मोजतानाही एक घाई होते. १५ सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. मोठ्या माणसात चालून जातं, नवजात बाळात नाही. त्याचा श्वास एकसारखा नसतो. काही सेकंद भरभर, मग किंचित थांबून पुन्हा सुरू, असं चालू असतं. नेमके चुकीचे १५ सेकंद मोजले, तर ठणठणीत बाळ आजारी ठरतं किंवा आजारी बाळ ठणठणीत. म्हणून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. ६० किंवा त्याहून जास्त श्वास आले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर ती धोक्याची खूण.

नेमकं काय काय बघतात?

वजन आणि तापमान : वजन कपडे काढून, काटा शून्यावर आहे हे बघून करायचं. अडीच किलोपेक्षा कमी म्हणजे कमी वजनाचं बाळ. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये असावं. थर्मामीटर हाताशी नसेल तर हाताच्या पाठीमागच्या बाजूनं पोट आणि तळपाय चाचपायचे. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार असतील तर प्रकरण गंभीर.

डोकं : टाळू सपाट आहे की फुगलेली? डोक्यावर सूज आहे का? जन्मताना दाब पडून आलेली मऊ सूज एक-दोन दिवसांत उतरते. हाडाच्या आवरणाखाली रक्त साचून आलेला फुगवटा मात्र एका हाडापुरता मर्यादित राहतो आणि जायला काही आठवडे लागतात. तो दाबायचा किंवा चोळायचा नसतो. अशा बाळात कावीळ वाढू शकते, म्हणून लक्ष ठेवायचं.

डोळे आणि तोंड : ऑफ्थॅल्मोस्कोपचा उजेड टाकल्यावर बुबुळातून लालसर चमक परत येते का? पांढरी दिसली तर मोतीबिंदू किंवा त्याहून गंभीर आजार असू शकतो. तोंडात नुसतं डोकावून चालत नाही. ओठ फाटलेला असेल तर कोणालाही दिसतो, पण फक्त मागची टाळू दुभंगलेली असेल तर टॉर्च धरून बघावं आणि बोटानं चाचपावं लागतं. ही गोष्ट सुटली, तर 'बाळ दूध ओढत नाही' म्हणून आईलाच दोष दिला जातो.

छाती : श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुगतात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का? हृदयाचे ठोके साधारण मिनिटाला १०० ते १६० असतात.

पोट आणि नाळ : नाळेतून रक्त येतंय का? बुडाशी लाली, पू किंवा वास आहे का? नाळेला हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही. ती कोरडी ठेवायची.

जांघ, जननेंद्रिय, शीची जागा : दोन्ही जांघांत नाडी लागते का? मुलाच्या दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का, लघवीचं छिद्र टोकाशी आहे का? गुदद्वार उघडं आहे का? पहिली काळी-हिरवी शी साधारण २४ तासांत व्हायला हवी.

पाठ, हात, पाय : पाठीच्या कण्यावर गाठ, खड्डा किंवा केसांचा पुंजका आहे का? बोटं मोजायची. पाय आत वळलेला असेल तर तो हातानं सरळ होतो का, हे बघायचं. सहज सरळ होत असेल तर तो पोटातल्या स्थितीमुळे वळलेला असू शकतो. होत नसेल तर 'क्लबफूट'. लवकर कळलं तर प्लॅस्टरच्या पद्धतीनं बहुतेक मुलं नीट चालू शकतात.

खुबा : यासाठी दोन तपासण्या शिकवतात, ऑर्टोलानी आणि बार्लो. दोन्ही नावं डॉक्टरांची, एक इटलीतले, दुसरे इंग्लंडमधले. मांडी हलक्या हातानं बाहेर नेताना किंवा मागे दाबताना खुबा सरकतो का, हे हाताला जाणवतं. जोर लावायचा नसतो. एकाच बाळावर दहा विद्यार्थिनींनी एकामागून एक सरावही करायचा नसतो. त्यासाठी डमी असते.

जे घाबरवतं, पण आजार नसतो

चांगल्या प्रशिक्षणाचा अर्धा भाग दोष शोधण्याचा असतो, तर उरलेला अर्धा नसलेला दोष न शोधण्याचा.

कमरेवरचा निळसर-काळा डाग आपल्याकडच्या खूप बाळांना असतो. तो मार लागल्याचा नसतो आणि वाढत्या वयात फिका होत जातो. अंगावर उठणारे लाल पुरळ बहुधा आपोआप जातात. मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजू शकते. ती पिळायची नाही, पिळल्यास गळू होऊ शकतं. मुलीच्या शूच्या जागेतून पहिल्या आठवड्यात थोडं रक्त किंवा पांढरा स्राव येऊ शकतो. आईच्या संप्रेरकांचा हा परिणाम असतो. पहिल्या दिवशी हातपाय थोडे निळसर दिसू शकतात. पण जीभ आणि ओठ निळे दिसणं कधीच नॉर्मल नसतं.

रंग ओळखताना आणखी एक मुद्दा शिकवावा लागतो. पाठ्यपुस्तकांत 'बाळ गुलाबी आहे का' असं लिहिलेलं असतं. सावळ्या बाळात गुलाबीपणा त्वचेवर शोधून उपयोग नाही. तिथे जीभ, हिरड्या आणि ओठांच्या आतली बाजू बघायची. कावीळ बघताना त्वचा बोटानं दाबून सोडायची आणि खाली उमटणारा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा. ब्रिटनमध्येही २०२३ मध्ये आलेल्या एका आढाव्यानं ॲपगारमधला रंगाचा निकष सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या बाळांसाठी पुरेसा नाही, हा मुद्दा मांडला.

हे डॉक्टरांनीच करायला नको का?

हा प्रश्न रास्त आहे आणि जगभर विचारला गेलाय. ब्रिटनमध्ये प्रत्येक बाळाची ७२ तासांच्या आत आणि पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी होते. डोळे, हृदय, खुबा आणि मुलांमध्ये वृषण, या चार गोष्टींवर तिचा भर असतो. पूर्वी हे काम मुख्यतः कनिष्ठ डॉक्टर करायचे. मग नोकरीतल्या मिडवाईफ जादा कोर्स करून ते करू लागल्या. २०१९ मध्ये तिथल्या नर्सिंग आणि मिडवाईफरी परिषदेनं नवे निकष आणले आणि बाळाची संपूर्ण तपासणी विद्यार्थिदशेतच शिकण्याची गोष्ट झाली.

पण नर्सनंच काय, शाळेच्या पुढे न गेलेल्या बाईनंही बाळ नीट तपासलं तर जीव वाचतात, याचा जगाला माहीत असलेला एक मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच आला. गडचिरोलीतून.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावं निवडली. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करायचं, तापमान घ्यायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि उपचार सुरू करायचे. त्या भागात सुरुवातीला हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानानं, हा दर ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आज देशभर आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्याची मुळं या प्रयोगात आहेत. २०११ पासून सुरू झालेल्या गृहआधारित नवजात काळजी कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या आहेत. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची एक भेट जास्त.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही महाराष्ट्रात, पालघरमधून. त्यात प्रसूती होते तिथल्याच कर्मचाऱ्यांनी प्रत्येक बाळात दिसणारे जन्मजात दोष शोधायचे, असं ठरवलं गेलं. म्हणजे 'नर्सनं तपासावं का' हा प्रश्न कागदावर कधीच सुटलाय. ती किती नीट तपासते, एवढाच उरलाय.

नीट तपासूनही काही सुटतं?

हो. आणि हे विद्यार्थिनींना जितकं लवकर कळेल तितकं बरं.

सगळ्यात अवघड उदाहरण हृदयाचं. पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक जोडवाहिनी उघडी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती बंद होते. काही जन्मजात हृदयरोगांत बाळ त्या वाहिनीच्या जिवावरच तग धरून असतं. पहिल्या दिवशी बाळ दूध पितं, हृदयाचा आवाजही ठीक येतो. वाहिनी बंद झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक ढासळतं. तोवर ते घरी गेलेलं असतं.

यावर एक सोपा उपाय म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. कोविडमुळे हे यंत्र घराघरात माहीत झालं. बाळासाठी लहान सेन्सर लागतो. २४ तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला लावून ऑक्सिजन बघतात. किमान एका ठिकाणी ९५ टक्के किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ टक्क्यांपर्यंत असेल तर ठीक. ९० च्या खाली गेलं तर लगेच डॉक्टर. काही मिनिटांचं काम आहे आणि नर्स ते सहज करू शकते.

म्हणून नोंद कशी करायची, हेही शिकवतात. 'नॉर्मल' हा एक शब्द लिहून वही मिटणं चूक. कोणत्या वेळी तपासलं, काय बघितलं, काय बघता आलं नाही, हे लिहायचं. 'बाळ रडत होतं, हृदयाचा आवाज नीट ऐकता आला नाही, संध्याकाळी पुन्हा बघणे' ही नोंद 'नॉर्मल'पेक्षा कितीतरी उपयोगी.

शोधलं, पण सांगायचं कोणाला?

प्रशिक्षणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थिनीला बाळाचा श्वास ६८ मोजला जातो. डॉक्टर राउंड घेऊन गेलेत, इन्चार्ज सिस्टर तीन पेशंटमध्ये अडकल्यात. सांगावं तर ओरडा बसेल, चुकीचं मोजलं असेल तर हसं होईल. गप्प बसणं सोपं असतं.

म्हणून आकडे घेऊन बोलायला शिकवावं लागतं. 'सर, बाळ बरं वाटत नाही' असं नाही. 'अमुक बेडचं बाळ, जन्माला १८ तास झाले, वजन २ किलो ३००, श्वास दोनदा मोजला, दोन्ही वेळा ६८, छाती आत ओढली जातेय, दूध पीत नाही. तुम्ही आत्ता बघायला याल का?' या वाक्यात टाळण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी अडचण सरावाची. खुबा सरकलेला हाताला कसा लागतो, हे एकदा खरं जाणवलं की विसरत नाही. पण असं बाळ शिकण्याच्या काळात भेटेलच असं नाही. आधी शेकडो नॉर्मल बाळं हाताखालून गेली, की वेगळं काय ते चटकन खटकतं. त्यामुळे विद्यार्थिनीला कोणत्या रुग्णालयात किती बाळंतपणं बघायला मिळतात, यावर तिचं शिक्षण ठरतं. घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळं भरपूर असतात, पण गर्दीत प्रत्येकीजवळ उभं राहून शिकवायला शिक्षिकेला वेळ काढावा लागतो. छोट्या रुग्णालयात वेळ मिळतो, पण बाळं कमी. दोन्हीकडे लॉगबुक भरतंच. हात तयार झाला का, हे लॉगबुक सांगत नाही.

बजाजनगरच्या घरात हे कसं उपयोगी?

तपासणीची साखळी तुटते ती जागा बदलताना. नाव नोंदवलं बजाजनगरला, बाळंतपण झालं माहेरी आणि दीड महिन्यानं बाळ परत आलं भाड्याच्या खोलीत. इथल्या आशाताईंना वाटतं बाळ तिकडे आहे, तिकडच्यांना वाटतं ते इकडे गेलं. मग सहा भेटींतल्या काही कोणाच्याच वहीत येत नाहीत. यावर उपाय साधा आहे. माहेरी जाताना आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला फोन करून कळवायचं आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवायचं.

दवाखान्यातून निघताना हे विचारा :

- बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी झाली का? कोणी केली, कधी केली?
- वजन जन्माला किती होतं, आज किती आहे? (पहिल्या काही दिवसांत १० टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं, दहाव्या दिवसाच्या सुमारास भरून निघतं.)
- शी आणि शू दोन्ही झाल्या का?
- बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी या लसी आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का?
- पुन्हा कधी दाखवायचं?

घरी आल्यावर यातलं काहीही दिसलं, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा :

- बाळ दूध ओढत नाही किंवा ओढणं अचानक कमी झालं
- झटके येतात
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, कण्हतं
- अंग तापलेलं (काखेत ३७.५ किंवा जास्त) किंवा गार पडलेलं (३५.५ पेक्षा कमी)
- मलूल आहे, हलवल्याशिवाय हलत नाही
- पहिल्या २४ तासांत कावीळ किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे
- ओठ, जीभ निळी
- हिरवी उलटी किंवा पोट फुगलेलं
- नाळेच्या बुडाशी लाली किंवा पू

गाडीची सोय नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि प्रवास मोफत आहे. तोवर बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरून ठेवा. घुटी, मध, पाणी काहीही पाजू नका.

आणि हो, वॉर्डात एखादी शिकाऊ सिस्टर येऊन 'ताई, बाळाला तपासू का?' असं विचारेल, तेव्हा 'शिकाऊ नको, मोठ्या सिस्टरना पाठवा' असं म्हणण्याआधी थोडं थांबा. तिच्यासोबत शिक्षिका आहेत का, हे जरूर विचारा आणि हात धुवायलाही सांगा. ती घाईत नसते, पूर्ण मिनिटभर श्वास मोजते आणि तिच्यानंतर तेच बाळ कोणीतरी पुन्हा बघणार असतं. म्हणजे तुमच्या बाळाला एकाऐवजी दोन नजरा मिळतात. शिवाय तुमच्या बाळावर शिकलेली हीच मुलगी पुढे एखाद्या उपकेंद्रात रात्री अडीच वाजता एकटीच असेल आणि समोर दुसऱ्या कोणाचं तरी बाळ असेल.